रील्सवरून स्वतःच्या कपड्यांच्या ब्रँडकडे: नव्याने उतरणाऱ्यांसाठी

दुसऱ्यांचे कपडे घालून रील्स करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या मनात कधी ना कधी येतंच, की आता आपलेच कपडे काढावेत. माझ्याही आलं. रील्स करताना जे अंगी येतं, कॅमेऱ्याची सवय, बोलण्याची हातोटी, लोकांना काय आवडतं याचा अंदाज, ते इथे कामाला येतंच. पण त्याने फार तर पहिला कुर्ता खपतो. तीच बाई दुसऱ्यांदा येते ती कापड, शिलाई आणि मापं बघून, आणि ती आली नाही तर ब्रँड चालत नाही. म्हणून खाली जास्त जागा कापड आणि हिशेबाला दिली आहे.

हे सगळं महाराष्ट्रात राहून, लहान भांडवलावर, बाहेरच्या युनिटमध्ये जॉबवर्कवर (कापड आपलं, शिलाई त्यांची) शिवून घेऊन ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या मशिनी टाकायच्या असतील तर तो वेगळा विषय.

## १. आधी जुने करार काढून वाचा

कापड बघायला बाहेर पडण्याआधी आजवरच्या कोलॅबचे (ब्रँडसोबत केलेल्या जाहिरातींचे) करार आणि मेल उघडा. कपड्यांच्या कंपन्यांच्या करारात बहुतेक वेळा एक कलम असतं: करार संपल्यावरही अमुक महिने त्याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडची जाहिरात करायची नाही. तुमचा स्वतःचा ब्रँडही त्यांच्या लेखी 'दुसरा ब्रँड'च. एजन्सी असेल तर तिचं कमिशन फक्त जाहिरातींवर आहे की 'सर्व उत्पन्नावर', हेही बघा. दुसरं असेल तर कुर्ते विकायला लागायच्या आधी दुरुस्ती करून घ्या.

फुकट आलेल्या वस्तूंचाही हिशेब मांडा. १ जुलै २०२२ पासून एका कंपनीने वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू दिल्या आणि तुम्ही त्या ठेवून घेतल्या, तर त्यावर १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) लागतो आणि त्याची नोंद तुमच्या पॅनवर होते. कर्जासाठी बँकेत गेलात की विवरणपत्र आणि ही नोंद शेजारी ठेवून बघतात.

इथेच आणखी एक सापळा. 'सगळं आम्ही करतो, तुम्ही फक्त चेहरा द्या' म्हणणारे लोक भेटतील. त्यात गैर काही नाही, पण पहिला प्रश्न एकच विचारायचा: ट्रेडमार्क कोणाच्या नावावर? त्यांच्या नावावर असेल तर तो तुमचा ब्रँड नाही, ती लांबलेली जाहिरात आहे. त्या हिशेबानेच मोबदला मागा.

## २. फॉलोअर आणि गिऱ्हाईक वेगळे काढा

इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये (प्रेक्षकांची आकडेवारी) शहर, वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण बघा. मग कमेंट वाचा, पण मोजायच्या त्या निवडक. 'किती गोड दिसतेस' ही मोजायची नाही. 'कापड कुठलं आहे?', 'मला ४२ साइज लागते, मिळेल का?', 'धुतल्यावर रंग जातो का?' या मोजायच्या. असं विचारणारी बाई पाकीट उघडायच्या बेतात असते.

'मी ब्रँड काढू का?' असा पोल घेऊ नका. फुकटात सगळे हो म्हणतात. एका डिझाइनचे तीस-चाळीस पीस आगाऊ पैसे घेऊन बुक करा, पोचवण्याची तारीख लिहून द्या, आणि नाही जमलं तर पैसे परत हेही लिहा. त्या बुकिंगवरून जे कळतं ते लाखभर व्ह्यूजवरून कळत नाही.

## ३. एकाच वस्तूने सुरुवात करा

कुर्ता, को-ऑर्ड (वर-खाली जुळणारा जोड), ब्लाउज, दुपट्टे असं सगळं एकदम काढलं की प्रत्येकाचे थोडे थोडे पीस होतात. प्रत्येकाचं पॅटर्न (कापड कापायचा नमुना) वेगळं, सॅम्पल वेगळं, आणि युनिटवाला लहान लॉटला जास्त दर लावतो. एक पॅटर्न, तीन रंग, सहा मापं. एवढ्यानेही अठरा प्रकारचे पीस सांभाळावे लागतात हे लक्षात असू द्या.

## ४. नाव आणि ट्रेडमार्क

नाव ठरवताना इन्स्टाग्रामवर हँडल मोकळं आहे एवढं बघून थांबू नका. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. उच्चारावरून शोधण्याचा पर्यायही वापरा, कारण स्पेलिंग बदललं म्हणून नाव वेगळं ठरत नाही. अर्ज धंद्याच्या प्रकारानुसार ठरलेल्या वर्गात करायचा: कपड्यांसाठी वर्ग २५, दुकानासाठी वर्ग ३५. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर दर वर्गाला सरकारी शुल्क ४,५०० रुपये, एरवी ९,०००. ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव छापून आलं की हरकतीसाठी चार महिने असतात. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्ज केला की नावापुढे 'टीएम' लावता येतं. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. आधी लावणं हा गुन्हा आहे.

स्वतःचं नाव ब्रँडला द्यायचा मोह होतो. उद्या धंद्यात भागीदार आला किंवा धंदा विकला, तर ते नाव धंद्याबरोबर जातं, एवढा विचार करून द्या. 'खादी' हा शब्द नावात किंवा मालावर खादी आयोगाच्या मान्यतेशिवाय वापरू नका. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. सुरतेच्या कापडावर छापलेल्या मोराला 'पैठणी' म्हणून विकू नका, 'पैठणी काठासारखी छपाई' म्हणा. आपल्याकडच्या बायकांना दोन्हीतला फरक बोट लावताच कळतो.

रील्स करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. डिझाइन कायद्याखाली नोंदणी हवी असेल तर ते डिझाइन आधी कुठेही जाहीर झालेलं चालत नाही. 'काहीतरी येतंय...' म्हणून टीझरमध्ये दाखवलं की नवेपणा संपला. आणि कपड्यावर वापरलेलं, नोंदणी होऊ शकेल असं डिझाइन न नोंदवता पन्नासहून जास्त नग काढले तर त्यावरचा कॉपीराइटही उरत नाही. साध्या कुर्त्याच्या कटसाठी कोणी एवढं करत नाही. पण प्रिंट तुम्ही स्वतः काढलेली असेल आणि ब्रँड तिच्यावरच उभा असेल, तर आधी अर्ज, मग रील.

## ५. नोंदण्या आणि कागदपत्रं

एकट्याने सुरू करताना प्रोप्रायटरशिप पुरते. मैत्रीण किंवा बहीण सोबत असेल तर भागीदारीचा करार पहिल्याच दिवशी लेखी करा. 'आपल्यात कसले कागद' म्हणणाऱ्यांचे कागद पुढे वकील करतो.

जीएसटीबद्दल गोंधळ फार आहे. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे खरं. पण तुम्ही जाहिरातीही करता, म्हणजे सेवा देता, आणि मग मर्यादा २० लाखांची होते. उलाढाल पॅनवर मोजतात, त्यामुळे जाहिरातींचे आणि कुर्त्यांचे पैसे एकत्र धरले जातात. आणि राज्याबाहेर माल विकायचा असेल तर पहिल्या पीसपासून नोंदणी हवी. बेळगाव, इंदूर, हैदराबादच्या मराठी बायका पहिल्याच दिवशी ऑर्डर करणार, तेव्हा नोंदणी करूनच उतरा. इन्फ्लुएन्सर म्हणून आधीची नोंदणी असेल तर त्यातच माल आणि नवी जागा जोडून घ्या.

लागणारी कागदपत्रं:

- पॅन, आधार, फोटो
- जागेचं वीजबिल. भाड्याची असेल तर भाडेकरार आणि मालकाचं ना-हरकत पत्र
- उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद). ही पूर्ण मोफत आहे. सरकारी संकेतस्थळासारख्या दिसणाऱ्या पानांवर 'शुल्क' मागतात, तिथे भरू नका
- शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना-पावती
- धंद्याच्या नावाचं चालू खातं आणि रद्द केलेला चेक
- ट्रेडमार्क अर्जाची पावती

आता पत्त्याचं. जीएसटीची माहिती, ट्रेडमार्कचा अर्ज, पार्सलवरचं लेबल आणि तुमचं संकेतस्थळ, या सगळीकडे पत्ता जातो आणि तो कोणालाही दिसतो. साध्या दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही. तुमचा चेहरा मात्र हजारो लोकांना माहीत असतो, आणि त्यात विचित्र मेसेज पाठवणारेही असतात. घरचा पत्ता देऊ नका. नातेवाइकाच्या दुकानाचा पोटमाळा, लहानसा गाळा, सामायिक ऑफिस, काहीही चालेल, पण नोंदणीच्या आधी बघा. नंतर पत्ता बदलता येतो, पण तोवर छापून गेलेली लेबलं परत येत नाहीत.

## ६. कापड

सुती कापडासाठी इचलकरंजी आणि मालेगाव, ब्लॉक प्रिंटसाठी जयपूरकडचं सांगानेर आणि बगरू, सिंथेटिकसाठी सुरत, खणासाठी कर्नाटकातलं गुळेदगुड्ड. ही गावं माहीत असावीत, पण पहिल्या लॉटला लगेच तिथवर पळू नका. तिथे माल ताग्यांच्या हिशेबात मिळतो. मुंबईतलं मंगलदास मार्केट किंवा दादरचं हिंदमाता, पुण्यातली रविवार पेठ इथे पाच मीटर घेऊन सॅम्पल करता येतं. डिझाइन पक्कं झालं की मूळ ठिकाणी जा.

व्यापाऱ्याला विचारायच्या गोष्टी: पन्हा (कापडाची रुंदी) किती, सुताचा काउंट (बारीकपणा) काय, रंग कोणत्या प्रकारचा, हाच माल पुन्हा मिळेल का, आणि पक्कं बिल देणार का. पक्कं बिल नसेल तर जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर वजा करून घेणं) मिळत नाही, मग 'मीटरमागे पाच रुपये कमी' ही सूट महागात पडते. पन्हा आधी विचारायचा, कारण ४४ इंची पन्ह्यात जो कुर्ता अडीच-पावणेतीन मीटरमध्ये बसतो, तो खणाच्या अरुंद पन्ह्यात बसवताना तुकडे जोडावे लागतात आणि हिशेब पार बदलतो.

कापड घेतलं की दोन चाचण्या घरीच करा. बॉलपेनने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, कडेने धागा घाला, कापड रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. उभ्या बाजूने ४८ भरला तर कापड ४ टक्के आटलं. ४६ इंच लांबीचा कुर्ता पहिल्याच धुण्यात जवळजवळ दोन इंच वर जाणार. मग एक तर कापड आधी धुवून घ्यायचं, नाहीतर पॅटर्नमध्ये तेवढं वाढवायचं. दुसरी चाचणी: पांढरा रुमाल ओला करून कापडावर वीसेक वेळा जोरात घासा. रुमाल गुलाबी झाला तर कुर्त्याचा मरून रंग बाईच्या पांढऱ्या सलवारीवर उतरणार, आणि फोटो तुमच्या कमेंटमध्ये येणार.

तिसरी गोष्ट शेडची. एकाच रंगाचे दोन तागे वेगवेगळ्या डाय-लॉटचे (वेगवेगळ्या वेळी रंगवलेले) असू शकतात. ट्यूबलाइटखाली ते सारखेच दिसतात. गच्चीवर उन्हात एकावर एक टाका. एक जरा हिरवट, एक जरा निळसर, असं तिथे कळतं. पुढचा भाग एका ताग्यातला आणि बाह्या दुसऱ्यातल्या आल्या तर पीस नापास. म्हणून प्रत्येक ताग्याच्या टोकाला आकडा घालायचा, आणि कटिंग मास्तरला सांगायचं की एका कुर्त्याचे सगळे भाग एकाच ताग्यातून निघायला हवेत.

## ७. सॅम्पल आणि मापं

सॅम्पल तुमच्या अंगावर बसलं म्हणजे झालं असं नाही. रील्स करणाऱ्या बऱ्याच जणी एस किंवा एम मध्ये बसतात, घेणाऱ्या बहुतेक एल आणि एक्सएलच्या असतात. मूळ पॅटर्न एम किंवा एलला काढा. मग ग्रेडिंग करून (त्यावरून बाकीची लहान-मोठी मापं काढून) प्रत्येक मापाचा एकेक पीस शिवा आणि त्या त्या मापाच्या खऱ्या बायकांना घालायला द्या. हात वर करून कपाटातून डबा काढायला लावा, मांडी घालून बसायला लावा, दुचाकीवर बसवा. मुंढा कुठे ओढतो आणि बाजूची चीर कुठवर जाते ते उभ्या फोटोत कधीच दिसत नाही. मोठ्या मापात नुसती छाती वाढवून चालत नाही; दंडाचा घेर वाढवायला विसरतात, आणि सगळ्यात जास्त परतावे तिथून येतात.

शंभर पिसांचा सुरुवातीचा ठोकताळा: एक्सएस ५, एस १५, एम २५, एल २५, एक्सएल १८, डबल एक्सएल १२. पुढे तुमच्या विक्रीवरून बदला. साइज चार्टवर मापं अंगाची आहेत की कपड्याची, ते स्पष्ट लिहा.

## ८. शिलाई युनिट

लहान लॉट घेणारं युनिट शोधायला वेळ लागतो. दर ठरवताना त्यात काय काय येतं ते लिहून घ्या: कटिंग, शिलाई, ओव्हरलॉक, काज-बटन, धागे कापणं, इस्त्री. 'दीडशे रुपये पीस' म्हणतात आणि काज-बटन वेगळं निघतं.

कापड पाठवताना जॉबवर्कचं चलान करा आणि त्यावर मीटर लिहा. एका पिसाला सरासरी किती कापड ते आधी ठरवा. उरलेलं कापड आणि चिंध्या कोणाच्या, हेही ठरवा. पास केलेल्या सॅम्पलवर दोघांच्या सह्यांचं लेबल लावून एक पीस तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. पहिले दहा पीस निघतील तेव्हा स्वतः तिथे उभ्या राहा. शंभर पीस शिवून झाल्यावर गळा चुकलाय हे कळून काय उपयोग?

## ९. हिशेब

नमुन्यादाखल एक सुती कुर्ता घेऊ. कापड पावणेतीन मीटर, १४० रुपयांनी ३८५. कटिंग-शिलाई २००. बटणं, फ्युजिंग (कडकपणा देणारं आतलं कापड), लेबल, टॅग ४०. इस्त्री, तपासणी, पिशवी ३५. नापास पिसांचा वाटा २०. झाले ६८०.

विक्री १,४९९ ला. त्यात ५ टक्के जीएसटी म्हणजे ७१ रुपये सरकारचे; राहिले १,४२८. त्यातून ६८० वजा, उरले ७४८. कुरिअर ९०, पेमेंट गेटवे ३५. उरले ६२३. फोटोशूट आणि जाहिरातीचा वाटा २००, परताव्यांचा ३०. हातात ३९३, आणि यात तुमचा पगार धरलेला नाही.

आता यावर १० टक्के सवलतीचा कोड दिलात तर जीएसटी वगळून १४३ रुपये गेले. गिऱ्हाइकाला १० टक्के वाटतात, तुमच्या नफ्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग गेला. रील्स करताना आपण दुसऱ्यांचे कोड खिरापतीसारखे वाटलेले असतात, तो हात इथे आखडायला हवा.

महाग कपडे करणाऱ्यांनी हेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. कर धरून २,६२५ ला विकलं तर हातात २,५०० येतात. २,९९९ ला विकलं तर २,५४१. गिऱ्हाईक ३७४ रुपये जास्त देतं, तुम्हाला मिळतात ४१. या पट्ट्यात किंमत ठेवू नका. एक तर खाली या, नाहीतर बऱ्याच वर जा.

कॅश ऑन डिलिव्हरी पहिल्या लॉटला बंदच ठेवा. पार्सल दारातून परत आलं की जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं तुमच्या माथी.

## १०. लेबल आणि संकेतस्थळ

कपड्यावर किंवा टॅगवर निर्मात्याचं नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत, साइज आणि तिचं सेंटिमीटरमधलं माप, ग्राहकसेवेचा फोन आणि ईमेल द्या. कापडाचा प्रकार आणि धुण्याची सूचनाही मराठीत द्या, वाचतात लोक. फोनसाठी वेगळं सिम घ्या.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे स्वतःच्या संकेतस्थळावर कायदेशीर नाव, पत्ता, परतावा-धोरण आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल महिन्याभरात. तो अधिकारी म्हणजे सुरुवातीला तुम्हीच.

## ११. स्वतःच्या मालाची जाहिरात

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शनानुसार ब्रँडशी असलेलं नातं उघड सांगायला हवं, आणि तेही रीलच्या भाषेत. मराठी रील असेल तर 'हा माझा स्वतःचा ब्रँड आहे' असं मराठीत सांगा. मैत्रिणींना फुकट कुर्ते पाठवलेत तर त्यांनीही 'जाहिरात' लिहायचं. फिल्मी गाणी आता विसरा. धंद्याच्या पोस्टला त्यांचा परवाना लागतो.

समाजकार्याची जोड देताना इटलीतल्या कियारा फेरान्यीचं उदाहरण लक्षात ठेवा. २००९ मध्ये ब्लॉगने सुरुवात करून तिने स्वतःचा फॅशन ब्रँड उभा केला. २०२२ च्या नाताळात तिच्या नावाचा केक घेतला की रुग्णालयाला मदत जाते असा लोकांचा समज झाला. प्रत्यक्षात केक कंपनीने ५०,००० युरोची ठरावीक देणगी आधीच दिली होती, विक्रीशी तिचा संबंध नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये तिच्या कंपन्यांना तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने १० लाख युरोहून जास्त दंड केला. 'दर कुर्त्यामागे ५० रुपये शाळेला' असं लिहायचं असेल तर दर कुर्त्यामागे खरंच ५० रुपये द्या आणि पावती ठेवा.

कपडे सोडून इतर जाहिराती, चपला, दागिने, स्किनकेअर, पहिलं वर्षभर तरी चालू ठेवा. कपड्यांच्या कंपन्या तुम्हाला आता स्पर्धक समजून बोलावणं कमी करतील, आणि ब्रँडमधून घरखर्च लगेच निघत नाही.

## १२. लॉटची वेळ

आपल्याकडे कपडे पंचांगावर विकले जातात. संक्रांतीचा काळा कुर्ता डिसेंबरच्या मध्यापर्यंत तयार हवा, कारण रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं आणि मग काळ्याकडे कोणी बघत नाही. पितृपक्षात नवीन माल सोडू नका. बरीच घरं त्या पंधरवड्यात नवे कपडे घेत नाहीत. दिवाळीचं कापड जून-जुलैत हातात हवं. युनिटमधले कारागीर ईद, छठ, होळीला गावी जातात, त्या तारखा मास्तरला आधीच विचारून वहीत लिहून ठेवा.

पहिला लॉट संपला की दुसरा लगेच टाकायची घाई होते. आधी परत आलेले पीस टेबलावर पसरा आणि प्रत्येकाचं कारण लिहा: माप, रंग फोटोपेक्षा वेगळा, शिलाई, की नुसतं आवडलं नाही. एकच कारण पुन्हा पुन्हा दिसलं तर पॅटर्न किंवा फोटो दुरुस्त करा, मगच कापडाची ऑर्डर द्या. उरलेल्या एक्सएस आणि डबल एक्सएलसाठी सेल लावण्याआधी, त्या मापांसाठी ज्यांनी मेसेज केले होते त्यांना थेट कळवा. निम्मे पीस तिथेच जातात.